गल्लीकडे पाठ केलेलं घर

शहाद्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून कामिनीबाई निवृत्त झाल्या आणि ब्राह्मणपुरीला, वडिलांनी नावावर केलेल्या जागेत घर बांधायला आल्या. लग्न केलं नव्हतं. सगळी नोकरी पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत गेली, त्यामुळे उन्हाळ्याशी त्यांचं जुनं वैर.

नकाशा त्यांनी स्वतःच काढला. वर्षभर जागेवर काठी रोवून सावल्या मोजल्या. भिंती दुहेरी, मध्ये पोकळी. गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे, वर सोलरचे पॅनल, जिन्याखाली बॅटऱ्या. दार उत्तरेला, शेताकडे. पश्चिमेला, म्हणजे गल्लीच्या बाजूला, एकही खिडकी नाही. दुपारचं ऊन तिकडूनच येतं.

“मॅडम, एकटीले इतलं कसाले जोयजे?” चुनीलाल मिस्तरीने विचारलं. एवढं कशाला हवं ते सांगण्याऐवजी त्यांनी नकाशा त्याच्यापुढे पसरला.

घर झाल्यावर पहिल्याच मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश, आत तेहतीस! त्यांनी लगेच भावाला, हेमराजला, फोन लावला.

“बरं झालं,” तो म्हणाला. “ठेवू का? कारखान्यावर आहे.”

मग सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात गावची डीपी जळाली, सगळ्या गावाची वीज गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रंजनाबाई दारात उभ्या, मागे बाळंतपणाला माहेरी आलेली भाविका. बाळ घामोळ्यांनी लालबुंद, रडून रडून आवाज बसलेला.

“बाई, तुमना घर पंखा चालू शे ना?”

तीन दिवस ती मंडळी राहिली. चुलीऐवजी विजेच्या शेगडीवर डिंकाचे लाडू झाले, दोरीवर दुपटी वाळली. आतला पारा दोन अंशांनी चढला. एरवी कामिनीबाईंनी वहीत नोंद केली असती. पण बाळ मांडीवर झोपलं होतं. पायाला मुंग्या आल्या तरी त्या हलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी नवी डीपी बसली. पिशव्या भरताना रंजनाबाई म्हणाल्या, “राग नका मानू बाई. घर भलतं थंड शे. पन गल्लीमातून वाटस, आठे कोनी ऱ्हातच नही.”

त्या गेल्या. दोन दिवसांनी कामिनीबाईंनी चुनीलालला बोलावलं. पश्चिमेला खिडकी, बाहेर बसायला ओटा.

“तथाईन ऊन यी, मॅडम. तुम्हीच सांगं व्हतं ना?”

“येऊ दे. फोड भिंत.”

आता त्या रोज संध्याकाळी ओट्यावर बसतात. येणारे-जाणारे “काय बाई?” म्हणतात अन् पुढे जातात. भाविका सासरी गेली. परवा रंजनाबाई घडीभर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि दूध उतू जाईल म्हणून लगबगीने उठल्या.