उकंडरावांचा फिरता डबा

मानवजातीला लागलेले सगळे मोठे शोध स्वातंत्र्याच्या तळमळीतून लागले, असं म्हणतात. हिंगोलीत १९४० साली जो शोध लागला तो कळमनुरीला बदली व्हावी म्हणून लागला.

शोध लावणारे उकंडराव तहसील कचेरीत कारकून होते. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून जन्मल्या जन्मल्या त्यांना उकिरड्यावर लोळवून घरात आणलं होतं, म्हणजे हा टाकाऊ माल आहे असं समजून देव त्यांना न्यायचा नाही. देव फसला. पुढे उर्दू अक्षर सुबक म्हणून निजाम सरकारनेही त्यांना ठेवून घेतलं, आणि एकदा ठेवून घेतल्यावर सोडायचं नाव काढेना.

त्यांचं घर डोंगरकड्याला. तिथे म्हातारी आई, एक म्हैस आणि चार वर्षांची लेक. हिंगोलीत नाल्याकाठी भाड्याची एक खोली, तिच्यात उकंडराव आणि शालूबाई. त्या खोलीत लेक दोन पावसाळे तापाने फणफणली तेव्हा वैद्यांनी तिला गावी ठेवायला सांगितलं होतं. आता ती आजीला आई म्हणे, आणि शालूबाई सणाला गेल्या की 'हिंगोलीची बाई आली' म्हणून दारामागे लपे. शालूबाई हसत. परतीच्या गाडीत त्या हिंगोलीपर्यंत डोंगरकड्याकडे तोंड करून बसत.

उपाय साधा होता. कळमनुरीला उकंडरावांची बहीण दिली होती, म्हणजे त्यांच्या भाकरीची सोय तिथे होती. बदली झाली की शालूबाईंनी डोंगरकड्याला लेकीजवळ राहायचं आणि उकंडरावांनी दर गुरुवारी संध्याकाळी गावाकडची बैलगाडी धरायची. शुक्रवार सुटीचा. कळमनुरीत कारकुनाची एक जागा रिकामीही होती. फक्त अर्जावर, म्हणजे सरकारी भाषेत दरख्वास्तीवर, तहसीलदार साहेबांची शिफारस हवी होती.

साहेब रायचूरकडचे. माणूस भला, देवभक्त, लाच न खाणारा. त्यांची सासुरवाडी म्हैसूर मुलखात, कॉफीच्या मळ्यांत. तिकडून दर दोन महिन्यांनी रेल्वेने कच्च्या बियांचं पोतडं येई. भाजलेली कॉफी आठ दिवसांत मरते, असं साहेबांचं ठाम मत होतं, म्हणून ती घरीच भाजायची. भाजणारा आचारी त्यांनी सोबत आणला होता. त्याने हिंगोलीतला एक वैशाख काढला आणि दुसरा सुरू व्हायच्या आत तो न सांगता निघून गेला. हिंगोलीतून स्वतःच्या मर्जीने निघून जाणारा उकंडरावांनी पाहिलेला तो सरकारी बंगल्यातला एकमेव माणूस.

नेमक्या त्याच सकाळी उकंडराव दरख्वास्त घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. साहेब कपाळ दाबून बसले होते. कॉफी भाजता येणारं कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. उकंडरावांनी आयुष्यात कॉफी पाहिली नव्हती. ते म्हणाले, "हो जाएगा, साहब."

दरख्वास्त टेबलावर राहिली आणि शेरभर बिया घरी आल्या.

शालूबाईंनी बी निरखलं. हिरवट, मधे चीर, कुठल्यातरी परदेशी डाळीसारखं. सरकारी धान्य आहे आणि नीट करून द्यायचंय, एवढंच उकंडरावांनी घाईत सांगितलं होतं. शालूबाईंनी त्यातलं थोडं भिजवलं आणि मोड यायला ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. दोन दिवस मोड आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोडणी दिली.

"शिजून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या कचेरीवानी हाय. कितीबी ऊब द्या, हालत न्हाई."

उरलेल्या बिया उकंडरावांनी तव्यावर टाकल्या. बाहेरून कोळसा, आतून कच्च्या. मग शालूबाईंनी ज्वारीच्या लाह्या करतात तशा मडक्यात तापलेल्या वाळूत भाजल्या. बी एकसारखं भाजलं, पण त्याच्या चिरेत वाळू बसली आणि पहिल्याच घोटाला साहेबांच्या दाताखाली आली. साहेब रागावले नाहीत. त्यांनी चूळ भरली, कोशिश करते रहो म्हणाले आणि दरख्वास्त टेबलाच्या खणात ठेवली.

तेव्हापासून उकंडराव झपाटले. बी सतत फिरत राहिलं पाहिजे आणि आच सगळीकडून लागली पाहिजे, एवढं त्यांना कळलं होतं. त्यांनी घासलेटचा रिकामा डबा घेतला, आरपार सळई घातली आणि शेगडीवर आडवा धरून फिरवला. बी छान भाजलं.

"उकंडराव," साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कॉफी अच्छी है. मगर मिट्टी के तेल का बास आरा."

आता पितळेचा डबा हवा होता. घरात एकच होता, शालूबाईंच्या रुखवतातला, आटे असलेल्या झाकणाचा. त्यांनी तो तीन दिवस दिला नाही. चौथ्या दिवशी डोंगरकड्याहून निरोप आला की लेकीला गोवर येऊन गेला, आता बरी आहे, कळवायचं राहून गेलं. शालूबाईंनी डबा रिकामा केला, पदराने पुसला आणि नवऱ्यापुढे ठेवला. तांबटाने त्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली तेव्हा त्या तिथे थांबल्या नाहीत.

सळई हाताने फिरवताना चटके बसत. म्हणून शेवयांच्या साच्याचा दांडा काढून तो सळईला बसवला. दांडा फिरे, डबा फिरे, पण आतल्या बिया तळाशी जमून घसरत राहत. वर सगळं फिरतंय आणि खालचं जागचं हलत नाही, हा प्रकार उकंडरावांना ओळखीचा होता. तरी त्यांनी हार मानली नाही. घरातल्या तीन पळ्यांचे दांडे कापून त्या डब्याच्या आत आडव्या ठोकून घेतल्या. आता डबा फिरला की पळ्या बिया उचलून वरून खाली टाकू लागल्या.

"डबा गेला, साचा गेला, पळ्या गेल्या," शालूबाई म्हणाल्या. "आता मलाबी घाला त्यात अन् फिरवा."

राहिली एक अडचण. झाकण बंद असताना आत बी किती भाजलं हे कळणार कसं? उघडून बघेपर्यंत ते जळे. ही अडचण शालूबाईंनी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून, पाठमोऱ्या बसून सोडवली. लाह्या कानाने भाजायच्या असतात. बी आधी एकदा तडतडतं, मग गप्प होतं, आणि पुन्हा बारीक आवाजात बोलायला लागतं. ते दुसऱ्यांदा बोललं की त्या नुसतं "हं" म्हणत. उकंडराव डबा सुपात उलटा करत आणि शालूबाई सूप घेऊन असं पाखडत की फोलपटं अंगणात उडत आणि बी घटकाभरात गार होई.

त्या कॉफीचा पहिला पेला साहेबांनी डोळे मिटून प्यायला. सासुरवाडीतसुद्धा अशी मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. उकंडरावांनी हात जोडून दरख्वास्तीची आठवण दिली.

साहेबांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख पसरलं.

"तुम गए तो ये कौन भूनेगा?"

हे पोतडं संपू दे, मग बघू, असं ठरलं. पोतडं संपायच्या आत दुसरं आलं. मग तिसरं. उकंडरावांचं भाजणं दर खेपेला सुधारत गेलं, कारण वाईट भाजायचं म्हटलं तरी शालूबाईंचा कान ते होऊ देत नव्हता. साहेबांनी त्यांचा पगार वाढवून दिला आणि दौऱ्यावर त्यांना शेगडीसकट सोबत न्यायला सुरुवात केली. साखरा गावच्या लोकांना वाटलं, सरकारने नवीन जातीची तोफ आणली आहे. त्यांनी लांबूनच रामराम केला.

दीड वर्ष गेलं. डोंगरकड्याला लेक आता दारामागे लपत नव्हती. ती शालूबाईंना पाट देई, पाणी देई, आणि पाहुणीला विचारतात तसं विचारी, "कधी जानार?"

त्या खेपेहून आल्यावर शालूबाईंनीच डाव मांडला. लढाईमुळे मालगाड्या अडल्या होत्या, पोतडं अर्धंच आलं होतं. वाटेच्या कडेला तरोटा माजला होता, ज्याला ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत. शालूबाईंनी त्याच्या शेंगा ओरबाडून आणल्या, बी झोडून काढलं आणि कॉफीत निम्म्याला निम्मं मिसळलं.

"कडू जहर व्हईल," त्या म्हणाल्या. "एक घोट पिला की आपनहून सोडतेत तुमाला."

उकंडरावांनी ते भाजलं. बंगल्यावर पेला ठेवून ते दाराशी उभे राहिले. साहेबांनी घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला.

"उकंडराव, आज इसमें कुछ और है."

उकंडरावांनी मान खाली घातली.

"दम है," साहेब म्हणाले. "अबसे ऐसाच."

तेव्हापासून पोतडं पुरं आलं तरी तरोटा मिसळावा लागे. पावसाळा सरला की नवरा-बायको वर्षाचा साठा करायला सुटीच्या दिवशी माळावर शेंगा तोडत हिंडत. डोंगरकड्याला जायचे वर्षाकाठी जे चार शुक्रवार कसेबसे मिळत, त्यातले दोन असे गेले.

अखेर उकंडरावांच्या ध्यानात आलं की आपण चुकीच्या बाजूने खणत होतो. कॉफी बिघडवायची नाही, माणूस बदलायचा. कचेरीचा चपराशी सटवाजी हाताने चलाख होता. उकंडरावांनी त्याला घरी बोलावून डबा शिकवला. शालूबाईंनी त्याला कान शिकवला, जो त्यांनी नवऱ्याला दोन वर्षांत शिकवला नव्हता. सटवाजी पंधरा दिवसांत तयार झाला आणि डबा त्याच्याबरोबर बंगल्यावर गेला. एवढ्या प्रेमाने आपल्याला काहून शिकवून राहिले, असं त्याने एकदा विचारलं. पुण्य लागतं, असं उकंडरावांनी सांगितलं.

सटवाजीने भाजलेली कॉफी साहेबांनी पिऊन संपवल्यावर उकंडरावांनी नवी दरख्वास्त पुढे केली आणि आपल्यावाचून काही अडणार नाही हे आदबीने पटवून दिलं. साहेबांना पटलं. ते इतके खूश झाले की त्यांनी दोघांनाही चांदीचा एकेक रुपया दिला आणि वरून बदल्यांचा हुकूम आल्याबरोबर पहिलं काम तुमचंच करतो, असा शब्द दिला. शालूबाईंनी त्या दिवशी ट्रंक उघडून लुगडी उन्हात टाकली.

वरून हुकूम आला. तो साहेबांच्याच बदलीचा होता. साहेबांना कळमनुरी मिळाली होती.

उकंडरावांना क्षणभर वाटलं, देव एकदा फसला तसा पुन्हा फसला. आता आपण साहेबांबरोबरच जाणार. ते धावत बंगल्यावर गेले. तिथे सामान गाडीत चढत होतं. मधोमध गोणपाटात गुंडाळलेला पितळी डबा होता, आणि त्याला धरून सटवाजी रडत बसला होता. त्याचं घरदार, बायको, तीन पोरं, सगळं हिंगोलीत होतं. कळमनुरीचं कुत्रंही त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"राव, तुमचं पुण्य," तो म्हणाला, "मला भोवलं."

साहेबांनी उकंडरावांचा हात हातात घेतला. कॉफीवाला एकच न्यायची परवानगी होती आणि कारकुनापेक्षा चपराशी मिळवणं सोपं होतं. पण उकंडरावांचे उपकार ते विसरले नव्हते. येणारे साहेबही आपल्या रायचूरकडचेच आहेत, म्हणून चार्ज देताना कागदावर आपल्या हाताने लिहून ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं. हा माणूस लाखात एक आहे, कोणत्याही कारणाने याला हिंगोलीतून हलवू नये.

गाडी गेली. घरी शालूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लुगडी परत ट्रंकेत ठेवली. डबा ट्रंकेच्या शेजारी असायचा, तिथल्या भिंतीला त्याचा गोल डाग होता. त्यांनी तो पदराने पुसून पाहिला. मग म्हणाल्या, "पोरगी आता सहा वर्षांची झाली."

नवे साहेब आठ दिवसांनी आले. चार्जचा कागद त्यांनी दोनदा वाचला, उकंडरावांना आदराने खुर्ची दिली, आणि त्यांची दरख्वास्त न वाचता फाइलीत लावली. निदान कॉफी तरी भाजून देऊ का, असं उकंडरावांनी चाचरत विचारलं.

नवे साहेब दूध पीत.