रंगारीणबाई आणि माझी पाचवी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी ॲल्युमिनियमची शिडी आहे. सात पायऱ्या आणि अंगभर रंगाचे शिंतोडे, एवढीच माझी मालमत्ता. कारखान्यात तयार झाले तेव्हा इतकी चकचकीत होते, की कारागीर माझ्यात बघून भांग पाडायचे. खोटं नाही सांगत!

गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मी उभी असते. लागेल त्याने न्यावं, पुढच्याला द्यावं. पूर्वी हा कारभार एका कंपनीच्या ॲपवर चालायचा. मला सगळ्यात जास्त नेई ती रंगारीणबाई. ॲपवर तिच्या नावापुढे दोनशे बारा शाबासक्या जमल्या होत्या; त्या बघूनच लोक तिला कामाला बोलवत. एके दिवशी कंपनी बंद पडली आणि शाबासक्याही गडप झाल्या. नव्या गिऱ्हाइकांना ती कोण, कुठली, काही कळेना. हातात कला असून बिचारी घरी बसली.

मग दुकानदाराच्या मुलीने ब्लॉकचेनवर वही काढली. ही वही एकाच्या कपाटात नसते. गल्लीतल्या चाळीस घरांच्या फोनवर तीच वही, त्याच ओळी. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला अशी जखडलेली, की एकट्याने काही पुसायला जावं तर बाकीच्या वह्या लगेच लबाडी पकडतात. मला देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून माझ्या पायऱ्या तपासायच्या आणि 'मान्य' दाबायचं. काम झालं की घरमालकही त्याच वहीत शाबासकी लिहीत. रंगारीणबाईचं नाव पुन्हा ओळीओळीने उभं राहिलं. शेजारची शाळा रंगवायचं कामही तिला मिळणार होतं.

त्याच आठवड्यात माझी पाचवी पायरी तिच्या पायाखाली निखळली. ती थोडक्यात वाचली. पण वहीत 'सर्व पायऱ्या पक्क्या' असं होतं आणि पुढे तिचंच 'मान्य'. "हिनेच मोडली," असं गल्ली म्हणू लागली. शाळेचं काम हातचं जायची वेळ आली.

खरं मला ठाऊक होतं, पण माझ्या तोंडाला कुलूप! आदल्या दिवशी मी निवृत्त मास्तरांकडे होते. पुस्तकांची जड पेटी घेऊन ते चढले आणि पायरी कचकन वाकली. त्यांनी ती दाबून सरळ केली नि 'पक्क्या' लिहून मोकळे झाले. मास्तरांच्या देखत पायऱ्या तपासायचा बाईला संकोच वाटला. तिने न बघताच 'मान्य' दाबलं.

मास्तर उतरल्या चेहऱ्याने दुकानात, दुकानदाराच्या मुलीकडे आले.

"पोरी, माझी ती ओळ पुसता येईल का गं?"

"नाही मास्तर, मलाही येत नाही. पण खाली खरं काय ते लिहिता येईल."

मास्तरांनी चष्मा पुसून फोन हातात घेतला. मग लिहिलं, 'पायरी माझ्याकडून वाकली. मी लपवलं. बाईंची चूक नाही.' चाळीस फोन एकदम वाजले. शाळेचं काम बाईलाच मिळालं.

"मास्तर, तुम्ही लिहिलं नसतं तर माझं काही खरं नव्हतं," बाई म्हणाली.

"अगं, तू पडली असतीस तर मी तोंड कुठे दाखवलं असतं?" मास्तर म्हणाले. माझी पायरी त्यांनीच दुरुस्त करून आणली.

मित्रांनो, त्या वहीचे माझ्यावर उपकार आहेत, आणि मास्तरांचे त्याहून जास्त. वही लिहिलेलं जपते. खरं लिहायचं ते माणसानेच. म्हणून एवढंच मागते: सगळ्यांची वस्तू परत देताना तिचं काय बिघडलं ते सांगत जा. तुमच्यानंतर त्या पायरीवर कुणीतरी विश्वासाने पाय ठेवणार असतं.