सरकती फळी

“पोट आत ओढा, गुणाजी, आणि मग पायांनी रेटा. कंबर उचलू नका,” इस्पितळात व्यायाम करून घेणाऱ्या फिरोजाबाई म्हणाल्या.

गुणाजीने रेटलं. पाठीखालची फळी चाकांवरून वीतभर मागे सरकली, स्प्रिंगा ताणल्या आणि त्यांनी त्याला हळूच परत ओढलं. गुडघ्यांखाली अजून बधिर होतं. पाय हलतात हे त्याला दिसायचं, जाणवायचं नाही.

वीस वर्षं तो दिवेआगरच्या वाड्यांमध्ये सुपारी पाडत होता. एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जायचा, खाली उतरायचाच नाही. छप्पन्न सालच्या मार्गशीर्षात शेंडा मोडला आणि तो पाठीवर पडला. तेव्हापासून अलिबागच्या इस्पितळात होता. डॉक्टरांनी विलायती पुस्तकातलं चित्र दाखवून सुताराकडून हा सरकता पलंग करून घेतला होता. पुरुषांच्या खोलीत त्याला ‘बाळंतिणीचा पाळणा’ म्हणत.

“मर्दानं वजन उचलावं,” शेजारच्या खाटेवरचा बाळाजी म्हणायचा. रेवसच्या धक्क्यावर गोणी वाहून त्याची कंबर गेली होती. “ह्ये काय, झोकं घ्यायचं?”

गुणाजी हसत नसे, चिडतही नसे. सांगितलं म्हणून करायचं. पाचव्या आठवड्यात तो आधाराशिवाय उठून बसला. दुसऱ्या दिवशी बाळाजीने भिंतीकडे तोंड करून विचारलं, “बाई, माझा लंबर कधी?”

त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी गुणाजी फळीवर पंधरा रेटे पुरे करत असताना त्याचा धाकटा भाऊ रघू दारात येऊन उभा राहिला.

“दादा, केसरवैनी गेली. तापानं. तीन दिस झालं.”

फिरोजाबाईंनी फळी हाताने अडवली. “आज राहू दे.”

गुणाजी छताकडे बघत होता. “किती झालं, बाई?”

“नऊ.”

“मंग अजून सहा हायत.”

बाईंनी हात काढला. त्याने सहाही पुरे केले. आता रडेल असं सगळ्यांना वाटलं. बाळाजीने पाण्याचा तांब्या पुढे केला. गुणाजी पाणी प्यायला आणि डोळे मिटून पडला.

तो आधाराशिवाय चालू लागला आणि डॉक्टरांनी सोडलं, तेव्हा तेरावं आलं होतं. घरच्या अंगणात माणसं जमली होती. त्याला बसायला कुणीतरी शेजारून खुर्ची मागून आणली. तो बसला नाही. केसरच्या नावाचं पान वाढून झालं, तसा त्याने हात पुढे केला.

“दादा, मी ठेवतो. तुला वाकायला न्हाय जमायचं,” रघू म्हणाला.

“दे.”

पान दोन्ही हातांत घेऊन गुणाजी वाडीत गेला. पोट आत ओढलं, गुडघे वाकवले आणि पाठ ताठ ठेवून सावकाश खाली बसला. पान जमिनीवर टेकवलं. भाताचं एक शीत बाहेर पडलं होतं, ते उचलून परत पानात ठेवलं. मग कुणाचाही हात न धरता उठला आणि कावळ्याला यायला जागा हवी म्हणून चार पावलं मागे सरला.