विलायती नजर आणि नागलीची पेज

सायखेड्याच्या बाजारतळावर दीडशे बाया रांगेत होत्या. बहुतेक द्राक्षांच्या पॅकहाऊसमधल्या, प्रत्येकीच्या कडेवर एक रोडावलेले मूल. मंचावरून अंगारेबाबा सांगत होते, "माल परदेशी चालला. तिकडच्यांची नजर आधी पेटीवर पडते, मग पेटी भरणारीच्या लेकरावर उतरते." निर्यात वाढली की मुले खंगतात, हे निरीक्षण अचूक होते. त्यांनी दिलेले कारण तेवढे विलायती होते.

अंगारा घेतलेली मुले मात्र आठ दिवसांत दोनशे ग्रॅमने वाढत. मी नाशिकच्या महाविद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. त्या बळावर अंगाऱ्यात स्टेरॉइड असल्याचे मी पुराव्याविनाच जाहीर केले. नमुना दोनदा प्रयोगशाळेत पाठवला. दोन्ही अहवालांत गोवरीची राख. तिसरा नमुना बांधताना जाणवले, की पुराव्याला दाद न देण्यात मी भक्तांच्याही पुढे गेलो होतो.

अंगणवाडीच्या निलोफरताई म्हणाल्या, "सर, राख तपासली. अट ऐकली का?"

अट मी पाल्हाळ समजून सोडली होती. आठ दिवस आईने कामावर जायचे नाही. दर तीन तासांनी लेकराला मांडीवर घेऊन तूप घातलेली नागलीची, म्हणजे नाचणीची पेज भरवायची. नाहीतर अंगारा उलटतो.

"एरवी कोण भरवतं?" मी रांगेतल्या भाग्यश्रीला विचारले. तिची दोन वर्षांची चैताली खांद्यावर निजली होती.

"थोरली. सहा वर्षांची हाय. चहा-बिस्कीट देती. मी सकाळी सातला जाते, कंटेनर भरायचा असला तर रात्री नऊ वाजतात. आठ दिवस खाडा केला तर मुकादम दुसरी बाई घेईल. अर्धा अंगारा घेऊन चार दिवसांत भागंल का, तेच बाबांना विचारायला आले."

परदेशी खरेदीदार मजुरांचीही चौकशी करतात, एवढेच निलोफरताईंनी पॅकहाऊसच्या मालकांना सांगितले. दोन दिवसांत शेडलगत पाळणाघर उभे राहिले. मुलांना भरवायला आयांना दिवसातून तीनदा सुट्टी मिळू लागली. विलायती नजर अशी कामी आली. आठ दिवसांनी अंगाऱ्याविना, नुसत्या पेजेवर चैताली एकशे ऐंशी ग्रॅमने वाढली. बाबांपेक्षा वीस ग्रॅम कमी, याची मी प्रामाणिकपणे नोंद केली.

राख निरुपयोगी होती. गुण पेजेचा आणि आईच्या वेळेचा होता. मूल हंगामात खंगले, तर आधी त्याची आई किती तास कामावर असते ते विचारा. मला ते सुचायला दोन अहवाल लागले.

भाग्यश्रीने विचारले, "सर, पुढच्या हंगामातबी पाळणाघर राहील ना?"

याचे उत्तर बाबांकडे नाही, प्रयोगशाळेतही नाही. ते द्राक्षांवर कमावणाऱ्या आपण सगळ्यांनी द्यायचे आहे.