छठीच्या आधीचे पाच दिवस

आमच्या गुढ़ियारीत घरोघर फिरून गरोदर बायकांची विचारपूस करणारी मितानीन सत्यभामा दारातच मला म्हणाली होती, "दीदी, सुकवारोची सास तिला बाळंतपणात छठीपर्यंत, म्हणजे सहाव्या दिवसापर्यंत, जेवू देणार नाही. तुँहर बात मानही, तुमचं ती ऐकेल. बोल देबे."

मी हसले. "त्यांची रीत आहे ती. आपण कशाला मध्ये पडायचं?" एम.ए.ला आदिवासी चालीरीतींवर निबंध लिहिला होता मी. असं बोलले की फार समजूतदार वाटायचं.

सुकवारो गोंडांची. आमच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहायची. नवरा मालधक्क्यावर हमाल. माझ्या अभिनवनंतर सोळा दिवसांनी तिला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून घरी आणली. मला सव्वा महिना खोलीबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. खिडकीला जाळी, जाळीपलीकडे तिचं दार.

इकडे सासूबाई डिंकाचे लाडू, अळिवाची खीर वेळच्या वेळी आणत. तिकडे तिची सासू बुधनी जडीबुटीचा काढा उकळत बसे. त्याला ते कांकेपाणी म्हणतात. सुकवारोच्या पोटात तेवढंच. पहिलं पिवळं दूध तर बुधनीने पिळून मातीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून म्हटलं, "बुधनी, थोडा भात दे ना तिला."

"कच्चा पेट हे, बाई. मोर बेटी चोरी से भात खाय रिहिस, मर गे." तिने पदराने डोळे पुसले. पोटची पोर गेलेल्या बाईशी जाळीआडून काय वाद घालणार?

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, पाच मिनिटं जाऊन येते मी."

"काहून? एका सुवेरातली बाई दुसऱ्या सुवेरात जाते का? पोट्ट्याले काही झालं मंग?"

त्या 'मंग'पाशी माझे पाय अडले. नवऱ्याला, शेखरला सांगितलं, तर तो शर्टाला इस्त्री करता करता म्हणाला, "सब का ठेका लिया है क्या तूने?"

चौथ्या दिवशी सुकवारोच्या बाळाचं रडणं बारीक झालं. पाचव्या दिवशी सकाळी ते ऐकूच येईना. मी अभिनवला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि माझं वरणभाताचं ताट उचललं.

"राधिका, बाहेर पाय टाकला त पाहाय!"

"टाकला, आई."

सुकवारोचं अंग फणफणत होतं, छाती कोरडी. बाळ गार. मी निरोप धाडला तशी सत्यभामाने धावत जाऊन ऑटो आणला. सुकवारो वाचली. मुलीचं नाव ठेवायचंच राहिलं.

बुधनीचा मला राग येत नाही. ती भीत होती, आणि तिला समजावणारं कुणी आलं नाही. मला समजावता येत होतं. मी लाडू खात बसले.

आता सत्यभामाबरोबर मीही फिरते, अभिनवला कडेवर घेऊन. पण आमची धाव या पाऱ्यापुरतीच, या एका वस्तीपुरती. तुमच्या मागच्या खोलीतली, तुमची भांडी घासणारी कुणी बाळंतीण झाल्यापासून दिसली नसेल, तर हे पान खाली ठेवा. आधी तिच्या दारात जाऊन या.