नवव्या पानावरची सही

रंभानं अर्जाची अकरा पानं माझ्यापुढं ठेवली आणि एकदा नजर टाकायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती अर्ज तालुक्याला देणार होती. मी चष्मा लावला. दोनशे चौदा बायकांच्या सह्या होत्या. तिसऱ्या पानावर मी थांबलो. नावं वेगळी, आळ्या वेगळ्या, पण हात एकच वाटत होता, आणि तो हात माझा होता.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. चौऱ्याहत्तर साली मी घोड नदीकाठच्या या गावात शाळेवर आलो. अक्षर शिकवताना मी मुलांना आधी रेघ मारायला लावायचो, नावापेक्षा दोन्ही बाजूंनी बोटभर लांब. आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे, असं सांगायचो. मुलं हसायची आणि अक्षरं मुकाट रेघेखाली लटकायची. दिवाळीच्या सुट्टीत चौथीला एकच अभ्यास असे: घरात ज्याला सही येत नाही त्याला शिकवायची. सुट्टी संपली की आया एकेक करून शाळेच्या दारात यायच्या, पाटीवर नाव काढून दाखवायच्या आणि पदर तोंडावर धरून पळायच्या. गावातल्या निम्म्या सह्या अशा माझ्या पाट्यांवरून उतरल्या आहेत.

रंभाही त्याच वर्गातली. तेव्हा ती चाळिशीला आली होती आणि कारेगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायची. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, सरकारचा नवा नियम आल्याचं तिनं तिथंच ऐकलं. गावातल्या एक चतुर्थांश बायकांनी सही करून मागणी केली, तर दारूचं दुकान राहावं की जावं यावर बायकांचं मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहावं, आडवी बाटली म्हणजे जावं. ग्रामपंचायतीनं दिलेली परवानगी अशी उलटवता येते, हे गावात कुणाला खरं वाटत नव्हतं. दुकान हौसरावचं, शाळेच्या वाटेवर. हौसरावही रंभाच्याच वर्गातला.

मतदारयादीत बायका होत्या आठशे छत्तीस. त्याचा चौथा हिस्सा दोनशे नऊ. म्हणजे पाच सह्या गळाल्या तरी चालणार होतं. सहावी गळाली की अर्ज रद्द.

मी वाचत नवव्या पानावर आलो आणि तिथं एक नाव बघून पान खाली ठेवलं. अनसाबाई. हौसरावची आई.

अनसाबाईला सही येत नव्हती. हौसरावनं चौथीत असताना मला स्वतः सांगितलं होतं, आई शिकत नाही म्हणते. त्या वर्षी अभ्यास न केलेला तो एकटाच, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. शिवाय बाकीच्या सह्यांची रेघ जरा थरथरलेली होती. या सहीची रेघ सरळ होती, फार सरळ.

ही सही कधी घेतली, असं मी रंभाला विचारलं.

"घेतली," ती म्हणाली.

कुठं घेतली, तर म्हणाली, घेतली ना गुरुजी, आता काय जागा दाखवू का. मी म्हटलं, दुसऱ्याच्या नावानं एक जरी सही निघाली तरी सगळा अर्ज बुडेल आणि तू पोलिसात जाशील. तिनं पानं गोळा केली, पिशवीत घातली आणि उंबऱ्यात वळून म्हणाली, "तुमीच असं म्हणताय, तर परक्या सायबाला काय बोलायचं?"

ती गेली. माझा संशय मात्र जागेवरच राहिला. रंभाचं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं होतं.

पंधरवड्यात दारूबंदी खात्याचे साहेब माझ्या दारात आले. हौसरावनं लेखी हरकत घेतली होती: सगळ्या सह्या एका माणसाच्या हातच्या आहेत आणि तो माणूस म्हणजे सेवानिवृत्त गुरुजी. साहेब नम्र होते. त्यांनी मला कोरा कागद दिला आणि चार बायकांची नावं लिहायला सांगितली. मी लिहिली. त्यांनी तो कागद अर्जाशेजारी धरला आणि एकेक रेघ बोटानं ताडून बघितली.

मग मी त्यांना दोरी आणि कपड्यांची गोष्ट सांगितली. ती माझ्या कानांनाही बनावट वाटली. हरकतीच्या कागदावर खाली हौसरावची सही होती. तिची रेघही दोन्हीकडून बोटभर बाहेर होती. मी त्यावर बोट ठेवलं. साहेबांनी आधी सहीकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "मग हीपण तुम्हीच केली नसेल कशावरून?"

गमतीनं म्हणाले की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. जाताना त्यांनी निकाल सांगितला. बुधवारी सकाळपासून ते शाळेत बसतील. जिची सही आहे तिनं समोर येऊन पुन्हा सही करायची. पाच वाजेपर्यंत जी येणार नाही तिचं नाव कापलं जाईल. मी टेबलाच्या जवळपास फिरकायचं नाही.

ते पाच दिवस गाव एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघत होतं. पाराजवळ मी गेलो की बोलणं थांबायचं. रंभाच्या घराला आतून कडी. हौसराव मात्र मला वाटेत भेटून नमस्कार करायचा, तब्येत विचारायचा. एकदा हसत म्हणाला, "गुरुजी, आमच्या आईला सही शिकवली म्हणं तुमी? मला तर बोलली न्हाई ती." 

बुधवारी मी शाळेसमोरच्या लिंबाखाली बसलो. तिथून व्हरांड्यातलं टेबल दिसत होतं, पण कागद दिसत नव्हता. बायका रांगेत होत्या. कंपनीत जाणाऱ्या पोरी रजा टाकून आल्या होत्या. प्रत्येकीनं पेन हातात घेतलं की तिचा हात आधी आडवा जायचा, डावीकडून उजवीकडं, आणि मग खाली उतरायचा. दहा बायका झाल्या, वीस झाल्या. साहेबांनी कागदावरून मान वर करून हातांकडं बघायला सुरुवात केली, ते मला एवढ्या लांबून दिसलं.

रंभा पायरीवर बसून एका वहीत खुणा करत होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

दुपारनंतर गळती सुरू झाली. बानूबाई आठवड्यापूर्वी वारली होती. मोनाली बाळंतपणाला दौंडच्या दवाखान्यात. दोघी जणींना नवऱ्यांनी सकाळीच मोटारसायकलवर बसवून पाहुण्यांकडं नेलं होतं. एक आली, पण शेजारी नवरा उभा. मी सही केलीच नव्हती, असं ती साहेबांना म्हणाली आणि खाली बघत निघून गेली. पाच झाल्या.

साडेचारला रांग संपली. साहेबांनी मोजलं, रंभानंही मोजलं. दोनशे आठ. व्हरांड्याच्या टोकाला हौसराव हाताची घडी घालून उभा होता.

"आता कोण राहिलं?" साहेबांनी विचारलं.

"अनसाबाई," रंभा म्हणाली.

हौसराव पुढं आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, माझी आई हाय ती. आंगठा लावती. रेशनच्या कार्डावर बघा, जमिनीच्या कागदावर बघा. सगळीकडं आंगठा." त्याच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. तो खरंच तसं समजत होता. मी उठलो. रंभाला वाचवायला काय सांगता येईल, एवढंच डोक्यात होतं. तिनं ती सही केली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती.

तेवढ्यात अनसाबाई फाटकातून आत आली. काठी टेकत, एकटीच. तिच्या धाकट्या मुलाला, म्हाळूला, दुपारी दुकानाच्या पायरीवरून घरी आणून निजवेपर्यंत तिला उशीर झाला होता. हे तिनं साहेबांना कुणी न विचारता सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

"आये, तू कशाला आलीस?" हौसराव म्हणाला.

ती टेबलाशी बसली. साहेबांनी शाईची डबी पुढं सरकवली. तिनं ती परत त्यांच्याकडं ढकलली आणि पेन मागितलं.

मी जवळ जायचं नव्हतं, पण गेलो. अनसाबाईनं आधी रेघ मारली. ती चौकटीतून बाहेर पडून शेजारच्या रकान्यात गेली. सरळ होती, नवव्या पानावर होती तशीच. मग एकेक अक्षर तिनं रेघेला लावलं, प्रत्येकानंतर थांबून.

साहेबांनी पेन परत घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही सगळ्या जणी आधी रेघ का मारता?"

"आधी दोरी बांदायची, मंग कापडं वाळत घालायची," अनसाबाई म्हणाली. "ह्यानं शिकवलंय. चौथीला व्हता तवा, चुलीम्होरं बसून, राखंत." तिनं काठीनं हौसरावकडं दाखवलं. "ह्याचा बा म्हनला, बाईला सही कशाला, मास्तरला सांग आई शिकत न्हाई. म्हनून ह्यानं सांगितलं तसं. आता त्याचं त्यालाबी आठवत नसंल."

"मग अंगठा का लावत होतात इतकी वर्षं?" साहेब म्हणाले.

"पेन कवा कुनी दिलंच न्हाई. डबी म्होरं करायचे."

 हौसराव त्या रेघेकडं बघत होता. मग पायरी उतरून गेला, चप्पल हातातच घेऊन.

साहेबांनी दोनशे नऊ असा आकडा लिहिला आणि खाली स्वतःची सही केली. मतदानाची तारीख नंतर कळवू, म्हणाले. तिथं निम्म्याहून जास्त, म्हणजे चारशे एकोणीस बायका लागणार होत्या आणि यादीत बानूबाईचं नाव अजून जिवंत होतं.

रंभा वही पिशवीत घालत होती. मी तिला म्हटलं, सही कधी घेतली ते मला सांगितलं असतंस तर. ती म्हणाली, अनसाबाईनं सही करतानाच कुणाला बोलू नको म्हणून शपथ घातली होती, नाहीतर तिला घराबाहेर पडू दिलं नसतं.

"मला तरी सांगायचंस."

"तुमाला सांगितलं असतं," रंभा म्हणाली, "पर तुमी आधी इस्वास ठिवला कुठं? आधी पोलिसाचं नाव काढलं."

मग तिनं अनसाबाईचा हात धरला आणि दोघी फाटकाकडं निघाल्या. मी टेबलावरची शाईची डबी बंद करून साहेबांच्या हातात दिली.