आधी काय, मग काय

उणे अकरा अंश. लोकरीचा एक मोजा हीटरवर वाळतोय. अंगणात लाल घसरगाडी एकच आहे. कपडे कोणत्या क्रमाने घालायचे, त्याची चित्रं भिंतीवर आहेत.

मी शिकवते त्या बालवाडीत बाहेर खेळायला जायची वेळ झाली होती. पाच वर्षांच्या केर्तूला आज काहीही करून ती लाल गाडी हवी होती. तिने जाड बर्फसूटमध्ये एक पाय घातला आणि ती थबकली.

“थांब हं केर्तू,” ती स्वतःलाच म्हणाली. “आधी शू.”

पाय बाहेर काढून ती बाथरूमकडे निघाली.

“गोगलगाय!” टोपी ओढत उर्हो ओरडला. “गाडी माझी!”

केर्तू वळली नाही. माझे हात शिवशिवत होते, तरी मी मदतीला उठले नाही.

ती सगळे कपडे चढवून अंगणात आली तेव्हा उर्हो गाडीवरून उतार उतरत होता. केर्तू बघत राहिली. दुसऱ्या फेरीनंतर तो पाय आवळून उभा राहिला.

“ताई, शू!”

आता त्याचे बूट, सूट, स्वेटर, सगळंच उतरवायचं होतं.

“सावकाश ये रे,” केर्तू म्हणाली आणि गाडीवर बसली.

मागच्या हिवाळ्यात तिने सात वेळा बर्फसूटमध्येच शू केली होती.